फ्रेमवर्क सुधारणारे सर

बारामतीच्या एमआयडीसीत ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. जिन्याला लोखंडी जाळी, जाळीला दोन कुलपं आणि जाळीच्या आत एक तांबडं कुत्रं. कॉम्प्युटरची राखण करणाऱ्या प्रोग्रॅमवरून कुत्र्याचं नाव सरांनी फायरवॉल ठेवलं होतं. खालचे दुकानदार त्याला ‘फारवाल’ म्हणायचे आणि ते त्यांच्याच हाकेला जास्त ओ द्यायचं. आमचं सॉफ्टवेअर क्लाऊडवर चालायचं, म्हणजे ज्या मशीनवर ते होतं ती मुंबईच्या कुठल्यातरी इमारतीत होती आणि ती इमारत आमच्यापैकी कुणी पाहिलेली नव्हती. ऑफिसात चोरण्यासारखं म्हणजे चार लॅपटॉप आणि चहाचा एक थर्मास. तरी संध्याकाळी निघताना सर दोन्ही कुलपं ओढून बघायचे आणि म्हणायचे, “सिक्युरिटीत तडजोड नाही.”

सर पूर्वी इंदापूरकडच्या एका तंत्रनिकेतनात शिकवायचे. नोकरी सोडून त्यांनी कंपनी काढली, शिकवणं मात्र सुटलं नाही. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी त्यांनी सॉफ्टवेअर लिहिलं होतं. शेतकरी किटली घेऊन येतो, काट्यावर वजन होतं, मशीन दुधातलं फॅट सांगते, आमचं सॉफ्टवेअर दर काढून पावती छापतं आणि फोनवर मेसेज धाडतं. कल्पना चांगली होती आणि सरांनी ती एकट्याच्या हिमतीवर उभी केली, हे कुणी नाकारणार नाही. नाकारायला ते संधीच द्यायचे नाहीत. नवीन माणूस भेटला की पहिल्या चहाच्या आत ही गोष्ट त्याला सांगून झालेली असायची.

माझी मुलाखत म्हणजे त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि म्हणाले, “वाचा. मोठ्यानं.”

“काय वाचू, सर?”

“माझा कोड.”

मी वाचायला लागलो. कोडमध्ये माहितीसाठी टिपा लिहायची पद्धत असते. सरांच्या टिपा मराठीत होत्या आणि त्या कुणाला माहिती देण्यासाठी नव्हत्याच. ‘इथे मूळ लेखकाची चूक आहे. दुरुस्त केली.’ थोडं खाली, ‘असं का लिहिलं? विचार करायला हवा होता.’ आणखी खाली एके ठिकाणी नुसतंच ‘अरेरे.’ मला वाटलं, हा मूळ लेखक म्हणजे माझ्या आधी नोकरी सोडून गेलेला कुणी बिचारा असेल. नंतर कळलं, तो अमेरिकेत होता.

हे जरा उलगडून सांगायला हवं. फ्रेमवर्क म्हणजे सॉफ्टवेअरचा तयार सांगाडा. जगातली काही माणसं तो बांधून सगळ्यांसाठी फुकट ठेवतात. आपण त्यावर आपल्या भिंती घालायच्या, आपली दारं बसवायची, सांगाड्याला हात लावायचा नाही. कारण सांगाड्यात कुठं भगदाड सापडलं की बांधणारे त्यासाठी ठिगळ पाठवतात, त्याला पॅच म्हणतात. सांगाडा जसाच्या तसा असेल तर ते ठिगळ चहा पिता पिता लागतं. सरांनी सांगाडाच आतून फोडून सुधारला होता. देवनागरी नावं अकारविल्हे लागत नव्हती, ती लावली. तारीख उलटी येत होती, ती सुलटी केली. आणि हे करताना मूळ बांधणाऱ्यांची कानउघाडणीही टिपांमधून करून ठेवली होती. त्यामुळे बाहेरून आलेलं कुठलंच ठिगळ आमच्या सांगाड्याला बसत नव्हतं. लावायचं तर सरांनी स्वतः बसून हातानं शिवायचं, नाहीतर सरांच्या सगळ्या सुधारणा पुसून टाकायच्या.

“आपलं फ्रेमवर्क घरच्या तुपासारखं आहे,” सर म्हणायचे. “लोक विकतचं वापरतात आणि मग पोट बिघडलं म्हणून रडतात.”

पॅचची सूचना आली की ते ती चष्मा कपाळावर चढवून वाचायचे आणि खाली शेरा मारायचे, ‘आपल्याला लागू नाही.’ मी लागल्यापासून बराच काळ आम्हाला काहीही लागू झालं नाही.

परवीन आमच्याकडे आली ती पुण्यातली नोकरी सोडून. मूळची लासुर्ण्याची. तिच्या वडिलांचं गावात दुकान होतं आणि घरच्या चार गायींचं दूध आमच्याच सॉफ्टवेअरच्या केंद्रावर जायचं. पुण्यात तिनं हेच काम केलं होतं, भगदाडं शोधायची आणि बुजवायची. सरांनी तिचीही मुलाखत कोड वाचायला लावूनच घेतली. ती ‘अरेरे’पर्यंत आली, थांबली आणि तिनं विचारलं, “सर, हे मूळ फ्रेमवर्कच्या आत लिहिलंय का तुम्ही?”

“लक्षात आलं ना?” सर खूश झाले. तिला नोकरी मिळाली. तिला नेमकं काय लक्षात आलं हे त्यांना पुढं कधीतरी कळायचं होतं.

मग ती मोठी सूचना आली. फ्रेमवर्कमध्ये असं भगदाड सापडलं होतं की बाहेरचा कुणीही, पासवर्ड नाही काही नाही, एक वेडावाकडा मेसेज पाठवून मशीनला हवी ती आज्ञा देऊ शकत होता. तातडीनं पॅच लावा, आजच लावा, असं लिहिलेलं. परवीन सूचना छापून घेऊन सरांच्या टेबलाशी गेली.

“सर, हा आपल्याला लागू आहे.”

सरांनी चष्मा वर चढवला. वाचलं. “बारामतीवर कोण हल्ला करणार, मॅडम? आपल्याला ओळखतं कोण?” चिडले की ते तिला मॅडम म्हणायचे.

“ओळखावं लागत नाही, सर. त्यांचे प्रोग्रॅम जगातलं प्रत्येक दार ढकलून बघतात. गाव कुठलं ते विचारत नाहीत.”

“ते विकतच्या फ्रेमवर्कचं. आपलं वेगळं आहे.”

“ही फाईल तुम्ही बदललेली नाही, सर. मी बघितली. ती त्यांचीच आहे.”

इथं सर जरा गडबडले. सांगाड्याचा एखादा भाग आपल्या सुधारणेविना राहिलाय ही गोष्ट त्यांना भगदाडापेक्षा जास्त लागली असावी. त्यांनी शेरा मारला, ‘सवडीने पाहू.’ त्यांच्या मानानं ही मोठीच माघार होती.

आठवडाभरात आमचं सॉफ्टवेअर मंद झालं. केंद्रावरून फोन यायला लागले, पावती निघायला वेळ लागतोय. परवीननं बघितलं तर मशीन सकाळ-संध्याकाळ पूर्ण ताकदीनं राबत होती. दुपारी कुठलंच केंद्र उघडं नसतं, तेव्हाही.

सरांनी आकडा बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. “लोड आला, वापर वाढला,” ते म्हणाले. “म्हटलं नव्हतं? एक दिवस लोड येणार.” त्यांनी खालच्या दुकानदाराला पाठवून पेढे मागवले. आम्हाला दिले, दुकानदाराला दिले, अर्धा पेढा फायरवॉलला दिला.

“सर, केंद्रं तेवढीच आहेत,” परवीन म्हणाली. “गायीसुद्धा तेवढ्याच असतील.”

“दूध वाढलं असेल.”

“दुपारी दोन वाजता?”

“मॅडम, तुम्हाला वाढ बघवत नाही का?”

त्यांनी क्लाऊडवर दुप्पट मोठी मशीन भाड्यानं घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीही काठोकाठ भरली. सर आणखी खूश झाले आणि त्यांनी त्याहून मोठी घेतली. ओळखीच्या लोकांना फोन करून सांगितलं, “आता आपलं काम मोठ्या मशीनवर आहे.” मला आजही वाटतं, त्या भगदाडातून आत आलेल्या चोराला, तो जगात कुठं बसला होता देव जाणे, आपल्या धंद्यात असा उदार यजमान पुन्हा भेटला नसेल. जेवायला येतो म्हणावं आणि यजमानानं रोज नवीन ताट वाढावं.

तरी एका सकाळी केंद्रांवर सगळं ठप्प झालं, सगळ्यात मोठी ओरड कळंबची. वजन होतंय, फॅट लागतोय, पण पावती नाही. केंद्रचालक पावतीशिवाय दूध ओतून घेईना आणि लोक पावतीशिवाय दूध सोडीनात. सर म्हणाले, मी स्वतः जातो. मला बरोबर घेतलं. आम्ही पोचलो तेव्हा रांग रस्त्यापर्यंत आली होती. उन्हं चढत होती, टँकर भरल्यावाचून उभा होता आणि ड्रायव्हर पुढच्या गावाला उशीर होतोय म्हणून हॉर्न वाजवत होता.

सर केंद्राच्या ओट्यावर चढले. वर्गात फळ्यापुढच्या चौथऱ्यावर चढावं तसे. “घाबरायचं कारण नाही,” त्यांनी सुरुवात केली. “आपल्या सॉफ्टवेअरवर लोड आलेला आहे. लोड म्हणजे काय?”

रांगेत पुढंच एक म्हातारे गृहस्थ दोन किटल्या घेऊन उभे होते. सगळे त्यांना तात्या म्हणत होते. पूर्वी त्यांच्या घरी मेंढरं होती, आता गायी होत्या आणि मुलगा बारामतीत नोकरीला. तात्यांनी सरांचं लोड म्हणजे काय हे सगळं ऐकून घेतलं. क्लाऊड म्हणजे काय हेही ऐकलं. मग म्हणाले, “मास्तर, ढगाला घाई न्हाय, पर दुधाला हाय. हे नासाय लागलंय. आमी आता काय करायचं तेवढं सांगा.”

सरांना काय करायचं ते माहीत नव्हतं, म्हणून ते आणखी पाच मिनिटं बोलले. शेवटी केंद्रचालकानंच पोरांच्या शाळेच्या वह्या आणल्या आणि हातानं लिहून दूध घेतलं. काहींचं तोवर नासलं होतं. ते त्यांनी तिथंच ओढ्यात ओतलं आणि आमच्याकडे न बघता निघून गेले. तात्यांची एक किटली त्यातलीच.

आम्ही ऑफिसात परत आलो तर परवीन वाटच बघत होती. तिनं लॅपटॉप फिरवला. मशीनवर एक प्रोग्रॅम चालू होता, नाव साधंसुधं, पण आमच्यापैकी कुणी लिहिलेला नाही. तो आमच्या मशीनच्या ताकदीवर दिवसरात्र कुणासाठी तरी बिटकॉइनसारखी आभासी नाणी पाडत होता. सूचना आल्यानंतर तिसऱ्याच दिवशी त्याच भगदाडातून आत शिरला होता.

सरांनी त्या प्रोग्रॅमचं नाव दोनदा वाचलं. मग म्हणाले, “म्हणजे लोड...”

“लोड त्याचा होता, सर.”

“सगळा?”

“आपला नेहमीएवढाच आहे.”

मला वाटलं आता हा माणूस खचेल. सरांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “प्रोग्रॅम कसा लिहिलाय? बरा आहे का?”

पुढं काय करायचं हे परवीननं ठरवूनच ठेवलं होतं. ही मशीन बंद करायची. नवी मशीन घ्यायची, लहान, पहिल्याएवढीच. सगळे पासवर्ड, सगळ्या किल्ल्या बदलायच्या. आणि त्यावर फ्रेमवर्क बसवायचं ते मूळ, कोरं, आजच्या तारखेचं.

“माझ्या सुधारणांसकट,” सर म्हणाले.

“सुधारणांसकट नाही होणार, सर. हाच तर प्रश्न आहे. पुढच्या पॅचला पुन्हा आपण इथंच असू.”

“मग थोडं थांबून होऊ दे. मी हातानं शिवतो.”

“संध्याकाळचं दूध यायला चार तास आहेत. एक काहीतरी ठेवा, सर. सुधारणा ठेवा नाहीतर गिऱ्हाईकं ठेवा.”

सर उठले आणि जाळीपाशी जाऊन उभे राहिले. फायरवॉल शेपूट हलवत त्यांच्या पायाशी गेलं. बराच वेळ ते खालचे ट्रॅक्टरचे टायर बघत होते. मला पहिल्यांदाच त्यांची थोडी दया आली. त्या सांगाड्यात त्यांच्या आयुष्याची कितीतरी वर्षं होती, आणि ती त्यांनी खरोखर जीव लावून, चुकीच्या जागी घातली होती.

तेवढ्यात परवीन मला म्हणाली, “चल, एकदा मोजून तरी बघू यांनी काय काय केलंय ते.” आम्ही दोघं त्यांची एकेक सुधारणा काढून नव्या फ्रेमवर्कशी ताडून बघायला बसलो. आणि गंमत अशी निघाली की जवळजवळ सगळ्या सुधारणा नव्या फ्रेमवर्कमध्ये आधीपासूनच होत्या. देवनागरी नावांचा क्रम होता, सुलटी तारीख होती. सरांच्यापेक्षा नीट केलेलं होतं आणि ते होऊनही बरीच वर्षं झाली होती. नवीन आवृत्ती कधी घेतलीच नाही म्हणून आमच्याकडे कुणाला पत्ता नव्हता. ज्या एक-दोन नव्हत्या, त्यांतली एक निव्वळ चूक होती. तिच्यामुळेच पंधरवड्याची बिलं कधीकधी दोनदा छापली जायची आणि सर त्याचा दोष प्रिंटरला द्यायचे. दोन प्रिंटर त्यापायी बदलून झाले होते.

हे त्यांना कसं सांगायचं याच्या विचारात मी होतो. परवीन उठली आणि जाळीपाशी गेली.

“सर, एक गोष्ट आहे. तुमच्या सुधारणा नव्या फ्रेमवर्कमध्ये आल्यात.”

सर वळले. “कुठल्या?”

“जवळजवळ सगळ्याच.”

एवढंच बोलली ती. त्यात खोटं काही नव्हतं. देवनागरी नावं नीट लागावीत ही काही एकट्या बारामतीची गरज नव्हती, आणि त्या अमेरिकेतल्या माणसांना आमचे सर या भूतलावर आहेत हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. पण सरांचा चेहरा पेढ्यांच्या दिवशी झाला होता तसा व्हायला लागला.

“घेतल्या म्हणजे त्यांनी,” ते हळूच म्हणाले. मग जरा मोठ्यानं, “बघा. शेवटी घ्यावंच लागलं ना.” मग माझ्याकडे बघून, “नाव दिलंय का कुठं?”

“नाही, सर,” मी म्हणालो.

“नाहीच देणार. मोठे लोक देत नाहीत.” ते तरातरा टेबलाशी आले आणि त्यांनी आपल्या हातानं, एकेक करून, ‘अरेरे’सकट, सगळ्या सुधारणा पुसल्या. हळहळण्याचं नावही नाही. उलट मुलीला चांगल्या घरी दिल्यासारखा चेहरा. संध्याकाळच्या दुधाला सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालू होतं.

एक गोष्ट राहिली होती आणि ती परवीननं सोडली नाही. मशीनवर शेतकऱ्यांची नावं होती, फोन होते, बँकेची खाती होती. नाणी पाडणारा तेवढंच करून थांबला की आणखी काही घेऊन गेला, हे आम्हाला नक्की कळायला मार्ग नव्हता. ती म्हणाली, लोकांना सांगावं लागेल. सर म्हणाले, लोक घाबरतील. ती म्हणाली, “माझ्या अब्बांचं खातं आहे त्यात. त्यांना मी आज सांगणार आहे. बाकीच्यांना तुम्ही सांगा.”

म्हणून आम्ही बाकीच्या केंद्रांवर मेसेज धाडले आणि कळंबला पुन्हा स्वतः गेलो. या वेळी सर ओट्यावर चढले नाहीत, खालीच उभे राहिले. चोर शिरला होता, एवढं त्यांनी सरळ सांगितलं. रांगेतून तात्या पुढं आले.

“आमची खाती त्यात हायत?”

“आहेत.”

“ती गेली का न्हाय?”

“त्याचं असं आहे, तात्या, क्लाऊडमध्ये जेव्हा एखादा...”

“ढगाचं न्हाय इचारलं. खाती गेली का न्हाय?”

सरांनी आमच्याकडे बघितलं. परवीननं नजर खाली केली नाही. मग त्यांनी असं काही म्हटलं जे मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. “मला माहीत नाही. गेल्याची खूण सापडली नाही. पण गेली नाहीत असं मी छातीठोक सांगू शकत नाही. बँकेत जाऊन एकदा बघून घ्या. कुणाचा फोन आला तर ओटीपी सांगू नका.”

“व्हय,” तात्या म्हणाले. “हेच आदुगर बोलायचं हुतं की, मास्तर. त्या दिवशी उगा भाषण दिलं.” आणि त्यांनी किटली काट्यावर ठेवली.

पुढं कुणाच्या खात्याला काही झाल्याचं कानावर आलं नाही. परतताना गाडीत सरांनी काहीच शिकवलं नाही. लासुर्णे मागं पडलं तेव्हा मला वाटलं, माणूस बदलला. थोड्या वेळानं ते म्हणाले, “लोकांनी किती शांतपणे घेतलं बघितलंत? शेवटी समजावून सांगण्यावर असतं.” मागच्या सीटवर परवीनला ठसका लागला.

नंतर मी ती नोकरी सोडून पुण्याला आलो. गेल्या वर्षी परवीनच्या भावाचं लग्न झालं, तेव्हा लासुर्ण्याला गेलो. मांडवात सर दिसले नाहीत म्हणून विचारलं, तर परवीननं बाहेर बोट दाखवलं. सर गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून उन्हात उभे होते, चष्मा कपाळावर. परवीनचे अब्बा त्यांच्याजवळ ताट घेऊन उभे.

“सर, बिर्याणी गार व्हायली. आदुगर दोन घास खा.”

“दोन मिनिटं, चाचा. आत्ताच नवीन पॅच आलाय.”

मी थक्क झालो. परवीन म्हणाली, “हे रोजचं आहे. सूचना आली की सगळं टाकून आधी लावतात. लावायच्या आधी ओळ न ओळ वाचतात. पुण्यात मी एवढ्या वेळेवर पॅच लावणारा माणूस बघितला नाही.”

“ओळ न ओळ कशासाठी?”

“आपलं अजून काय घेतलंय ते बघतात.”

आम्ही दोघं मांडवाच्या सावलीतून बघत होतो. सर स्क्रीनवर काहीतरी वाचून मान डोलवत होते, आणि अब्बांना बोटानं दाखवून काहीतरी समजावून सांगत होते. अब्बा ताट धरून ऐकत होते.

“कधीतरी त्यांना खरं सांगायला हवं,” मी म्हणालो.

“सांग की,” परवीन म्हणाली. “मग पुढचे पॅच तू पुण्याहून येऊन लाव.”

मी पंगतीत जाऊन बसलो.